ठिपक्यांचं धोतर

रत्नागिरीच्या समस्त नागरिकांना, माहेरवाशिणींना आणि पोटासाठी मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की ऐंशीच्या दशकात आपल्या शहरात एका सद्गृहस्थाचे धोतर भर मैदानात, दिवसाढवळ्या, दोन बांबूंच्या मध्ये टांगलेले असे आणि नववी-दहावीतल्या मुली त्यावर चिखलाचा चेंडू मारत असत. हे सारे त्या गृहस्थांच्या पूर्ण संमतीने चाले. इतकेच नव्हे, तर नेम कसा धरावा हेही तेच सांगत. त्या वेळी ते दुसरे धोतर नेसलेले असत, हा खुलासा त्यांच्या पत्नीच्या आग्रहावरून.

हे सद्गृहस्थ म्हणजे आमचे नागवेकर सर. राहायला मांडवीला, शिकवायला चित्रकला. उंच, किडकिडीत, धोतरावर बंद गळ्याचा कोट, कानावर पेन्सिल आणि मान कायम जराशी तिरकी. ती जन्मजात तिरकी नव्हती, जगाने तशी करून ठेवली होती. सरांना वाकडी रेघ सोसत नसे. रस्त्याने जाताना एखाद्या दुकानाची पाटी कलंडलेली दिसली, की ते थबकत, मान तेवढीच कलती करत आणि मालकाला गंभीरपणे सांगत, "अहो, तुमचा किराणा उताराला लागलाय." मालक नुसता हसला, तर स्टूल मागून स्वतःच वर चढत. एका लग्नात मांडवाच्या दारावरचं 'सुस्वागतम्' सरळ करायला ते शिडीवर चढले आणि तेवढ्यात वरात आली. वरात खालून आत गेली, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, तरी सर शिडीवरच. त्या लग्नाच्या एका फोटोत नवरा-नवरी दारातून बाहेर पडताना दिसतात आणि वरच्या कोपऱ्यात दोन पाय दिसतात. ते पाय सरांचे.

अशा माणसाच्या हातात खेळ गेला कसा? तर एका वर्षी शाळेत परिपत्रक आलं, की मुलींचाही सॉफ्टबॉलचा संघ स्पर्धेला उतरवावा. पाठोपाठ एक पत्र्याची पेटी आली. तीत एक दांडकं, एक चेंडू आणि चामड्याचे हातमोजे. हातमोजे सगळे डाव्या हाताचे निघाले. पाठवणाऱ्याची चूक झाली असं समजून शिपायाने पेटी परत बांधायला घेतली होती. सर तिथून चालले होते. त्यांनी पेटीतलं नियमांचं पुस्तक उघडलं आणि हा मोजा झेलायच्या हातात घालायचा, फेकायच्या हातात नव्हे, हे चित्र काढून दाखवलं. तिथेच ते सापडले. "तुम्हाला एवढं कळतंय, तर तुम्हीच घ्या हो हे," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. खेळाचे सर मुलांच्या कबड्डीत गळ्यापर्यंत बुडालेले होते. त्यांनी पेटी सरांच्या घरी पोचवायला आपली सायकलसुद्धा दिली.

सर पुस्तक घेऊन घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी उजळलेल्या चेहऱ्याने आले. खेळ तसा सोपा होता. फेकणारी हात खालून फिरवून चेंडू फेकते, मारणारी दांडक्याने मारते आणि तीन कोपऱ्यांना शिवून परत आपल्या घरी येते. घरी आली की एक धाव. पण सर भाळले होते ते दुसऱ्याच गोष्टीवर. मारणारीच्या काखेपासून गुडघ्यापर्यंत उंच आणि तिच्यासमोर जमिनीवर ठेवलेल्या रबरी पाटाएवढी रुंद अशी एक चौकट हवेत असते, असं पुस्तकात लिहिलं होतं. चेंडू चौकटीतून गेला तर तो मारायलाच हवा. सोडला तर चूक, मारायला जाऊन हुकला तरी चूक, आणि तीन चुका झाल्या की बाद. चेंडू चौकटीबाहेरून जात असेल तर मात्र सोडून द्यायचा. बाहेरचे असे चार सोडले, की मारणारीला पहिला कोपरा फुकट.

"मुलींनो," सर आम्हाला म्हणाले, "एवढ्या मोठ्या मैदानावर सगळ्यात महत्त्वाची आकृती कुठली, तर जी कोणालाच दिसत नाही ती. मग सांगा, हा खेळ चित्रकलेच्या मास्तराने नाही शिकवायचा तर कोणी?"

माझी नि त्या चौकटीची भेट पहिल्याच दिवशी झाली, आणि ती काही गोड नव्हती. मी वर्गात सगळ्यांत थोराड. आमच्या अण्णांच्या, म्हणजे आजोबांच्या, आंब्याच्या बागेत कैऱ्या पाडून माझे हात घट्ट झाले होते. दांडकं हातात आलं आणि मला वाटलं, जन्म सार्थकी लागला. चेंडू फेकायला होती माझी मैत्रीण जुबेदा. झाडावर एकच कैरी असली तर तिचा देठ कोणी तोडायचा, असा प्रश्न पडला की आम्ही जुबेदाला दगड द्यायचो. तिने फेकलेला चेंडू मी मारला. पुढचाही मारला, तो माझ्या डोक्यावरून चालला होता. त्याच्या पुढचा तिच्या हातून निसटून विहिरीच्या दिशेला गेला. मी तिकडेही दोन पावलं धावत जाऊन दांडकं फिरवलं आणि स्वतःच आडवी झाले.

सर जवळ आले. लागलं का, असं त्यांनी विचारलं नाही. चुकलं, असंही म्हणाले नाहीत. मान कलती करून त्यांनी फक्त विचारलं, "बेबी, तो तुझा होता का गो?"

"माझ्याकडेच आला होता, सर."

"एस.टी. पण तुझ्याकडेच येते. प्रत्येक गाडीत चढतेस?"

हे सरांचं वाक्य पुढे आमच्या सगळ्या शाळेत पसरलं. डब्यातली दुसऱ्याची करंजी उचलली, की कोणीतरी म्हणणार, "तुझी होती का?" मधल्या सुट्टीत दोघींचं भांडण चालू असताना तिसरी तोंड घालायला गेली, की तिला म्हणायचं, "तुझं होतं का?" सर स्वतः त्या बोलाला जागत. पंगतीत जिलबीचं ताट तिसऱ्यांदा आलं की ताटावर आडवा हात धरत. मांडवीच्या गाडीला गर्दी असली की ती सोडून देत, पुढचीलाही असली तर तीही सोडत आणि शेवटी शांतपणे चालत घरी जात. "येतं ते सगळं आपलं नसतं," ते म्हणत. "आपलं येतं तेव्हा मात्र हात भरून आलेले नसावेत." वाकड्या पाट्या तेवढ्या सगळ्याच्या सगळ्या त्यांच्या होत्या. त्याबद्दल विचारलं की सर म्हणत, "ती निराळी गोष्ट आहे," आणि विषय बदलत.

आता प्रश्न असा, की कोण मुलगी चौकटीतलं बघते आणि कोण बाहेरच्यावर धावते, हे मोजायचं कशाने? चेंडू डोळ्यांदेखत जातो. गेला की मारणारी म्हणते, "आतला होता," फेकणारी म्हणते, "बाहेरचा होता," आणि दोघी शपथा घेतात. आमच्याकडे ना यंत्र, ना कॅमेरा, ना मोजायला ठेवलेला माणूस. आमच्याकडे काय होतं? तांबडी माती होती, नीळ होती आणि मांडवीतल्या म्हाताऱ्यांची जुनी धोतरं होती.

सरांनी पहिलं आपलंच धोतर काढलं, मग घरोघर जाऊन आणखी विरलेली गोळा केली आणि प्रत्येक मुलीच्या नावाचा एक तुकडा फाडला. मग त्यांच्या पत्नी, नागवेकरकाकू, शाळेत आल्या. काकू शिवणकाम करायच्या. त्यांनी प्रत्येकीला उभं करून टेपने काखेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं आणि कोपऱ्यात दोऱ्याने नावाचं अक्षर घातलं. "पोलकं नाही, परकर नाही, नि मापं घेत्येय हवेची," त्या पुटपुटत होत्या. "असलं गिऱ्हाईक जन्मात बघितलं नाही मी." त्या मापाची चौकट सरांनी ओळंबा लावून, निळीने, प्रत्येक तुकड्यावर काढली.

मग रोज संध्याकाळी मारणारीच्या मागे तिचा तुकडा दोन बांबूंमध्ये ताणून बांधायचा. खरा चेंडू एकच, तो पेटीत सुरक्षित. सरावाला चिंध्यांवर सुतळी गुंडाळून केलेला, आणि तो प्रत्येक वेळी तांबड्या चिखलाच्या बादलीत बुडवून पिळायचा. जुबेदाने फेकला, मारणारीने सोडला किंवा हुकवला, की मागे आवाज व्हायचा, थप्प! आणि धोतरावर तांबडा ठिपका उमटायचा. आत की बाहेर, भांडायला जागाच नाही. मारणारीने दांडकं फिरवलं असेल, तर सर पुढे होऊन त्या ठिपक्याभोवती निळीचं एक वर्तुळ काढत. फिरवलं नसेल, तर ठिपका नुसता राहू देत. बस्स. चौकटीच्या बाहेर जितकी निळी वर्तुळं, तितकी हाव.

"आणि मारलेले चेंडू, सर? त्यांची खूण कुठे?" मी विचारलं होतं, कारण माझे मारलेले चेंडू नारळांच्या शेंड्यांपर्यंत जात आणि ते कुठेच नोंदले जात नव्हते.

"मारलेला चेंडू बघायला सगळं गाव आहे," सर म्हणाले. "आपण बघायचं ते कोणी बघत नाही ते."

थोड्या दिवसांत प्रत्येकीचा स्वभाव त्या चिरगुटांवर उमटला. एक भित्री होती, तिच्या चौकटीत नुसते तांबडे ठिपके. एक नेमकी होती, तिची वर्तुळं आतल्या आत. आणि माझं? माझं धोतर म्हणजे मोराने पिसारा फुलवला होता. वर, खाली, डावीकडे, किनारीपर्यंत निळंच निळं. संघ निवडायची वेळ आली आणि सरांनी मला बाहेर बसवलं.

इथे आमचे अण्णा या कथेत प्रवेश करतात. अण्णा मोठे बागायतदार, शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आणि माझे आजोबा. तिन्ही पदं त्यांनी एकाच छत्रीखाली सांभाळली होती, आणि ती छत्री त्यांच्या हातात बाराही महिने असे. नात घरी रडत आली, हे त्यांना खपलं नाही. शिवाय मुलींचे गणवेश तांबडे होतात म्हणून पालकांची कुरकुर त्यांच्या कानी आलेलीच होती. ते मला घेऊन तडक मैदानावर आले.

"मास्तर, सगळ्यांत लांब मारत्ये ती पोर बाहेर का?"

 सरांनी सगळी धोतरं आणली, दोरीवर ओळीने वाळत घातली आणि निळीचा अर्थ अण्णांना समजावून सांगितला. कुठलं कोणाचं, ते तेवढं सांगितलं नाही. अण्णा पाठीशी हात बांधून पेढीवरचे आंबे बघावेत तसे एकेका तुकड्यापुढून गेले. "हं. ही बरी आहे. ही घाबरट दिसते." मग माझ्या धोतरापुढे येऊन ते उभेच राहिले.

"अर्रर्र! ही कोण? हिला घरी जेवायला घालत नाहीत काय हो? किती ती हाव!"

"आपलीच नात," सर अदबीने म्हणाले.

जुबेदा बादलीत तोंड घालून हसली. अण्णांनी छत्री उघडली, विनाकारण, आणि मिटली. सर हळूच म्हणाले, "अण्णा, तुमच्या बागेत एखादा गडी झेल्याची जाळी लागेल त्या आंब्याला लावून कोवळे-जून सगळे ओढायला लागला, तर काय कराल?"

"झाडावरून उतरवीन मेल्याला."

"मी नुसतं बाहेर बसवलंय."

अण्णा न्यायी होते, पण अध्यक्षही होते. हार तशीच गिळून घरी जाणं त्यांना शोभलं नसतं. त्यांनी छत्रीचं टोक जमिनीत रोवलं. "ठीक आहे. तुमचं माप, तुमचा संघ. दिवाळीनंतर चिपळूणकडच्या मुली खेळायला यायच्येत. त्यांच्याशी जिंकलात, तर तुमचं खरं. हरलात, तर ती पेटी माळ्यावर जाईल आणि ह्या शाळेत मुलींचा खेळ पुन्हा निघायचा नाही. सांगून ठेवतो."

त्या संध्याकाळी सरांनी पहिल्यांदाच एक वाकडी पाटी न बघता ओलांडली. जुबेदाने आणि मी ती पाहिली. दोघी घाबरलो.

दिवाळी जवळ आली. मी रोज सराव करत होते, वर्तुळं कमी होत होती, पण जुना पिसारा काही जात नव्हता. प्रत्येक नवा दिवस त्याच चिरगुटावर उमटायचा. मग माझ्या डोक्यात एक विचार आला. तो मी आज जाहीरपणे सांगते, कारण त्याची शिक्षा व्हायची मुदत उलटून गेली आहे. सर दाभोळला बहिणीकडे फराळ पोचवायला गेले होते. मी मांडवीला त्यांच्या घरी जायचं, काकूंना बोलण्यात गुंतवायचं आणि माझ्या धोतरावरची बाहेरची काही वर्तुळं थुंकी लावून पुसता येतात का, ते बघायचं. जुबेदाला पहाऱ्यासाठी घेतली. सरांच्या अंगणात शिरलो आणि जागच्या जागी थिजलो.

सगळी धोतरं विहिरीजवळच्या दोरीवर वाळत होती. धुऊन.

काकू दगडाशी कंबर धरून उभ्या होत्या. दिवाळीच्या आधी घरात एक चिंधी मळकी ठेवायची नाही, हा त्यांचा नेम. खोलीत सापडेल ते सगळं त्यांनी रिठ्याच्या पाण्यात भिजवलं होतं. "आलात? बघा," त्या म्हणाल्या, "आपटून आपटून खांदे गेले माझे, पण ही तांबडी माती जाईल तर शपथ! ती निळी नक्षी तेवढी गेली बाई एकदाची."

कोकणातल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं, की नीळ पाण्याबरोबर जाते आणि तांबडी माती कापडाबरोबर. पण त्या दिवशी तिथे उभं राहून मला ते जे दिसलं, ते आधी कधी दिसलं नव्हतं. चौकटी गेल्या होत्या. वर्तुळं गेली होती. राहिले होते ते फिकट गुलाबी ठिपके, सगळ्या धोतरांवर, वर-खाली, आत-बाहेर. कोपऱ्यातलं अक्षर वाचल्याशिवाय माझं धोतर मला ओळखता येईना.

तेवढ्यात मागे फाटक वाजलं. सर दाभोळहून परत आले होते. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली आणि दोरीपुढे उभे राहिले. इतक्या महिन्यांची मेहनत, अण्णांना दाखवलेला पुरावा, सगळं वाऱ्यावर फडफडत होतं. काकूंना एव्हाना काहीतरी उमगलं होतं. "अहो... ठेवायची होती का तशीच?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं. त्यांचा तो आवाज मी तेव्हाच ऐकला, त्याआधी नाही नि नंतरही नाही.

सरांनी मान कलती करून सगळी दोरी पाहिली. मग त्यांनी माझं धोतर शोधलं, त्याच्या शेजारी त्या नेमक्या मुलीचं ओढून घेतलं आणि मला जवळ बोलावलं.

"बेबी, काय दिसतंय?"

"दोन्ही सारखीच, सर."

"हं. चेंडू सगळ्यांना सारखेच आलेत." त्यांनी चिमटे नीट केले. दोन वाकडे होते. मग काकूंकडे वळून म्हणाले, "बरं केलंस गो. फळा पुसायला मीच विसरलो होतो." आणि आम्हाला, "बघताय काय? नीळ कालवा. पुन्हा चौकटी काढायच्यात."

माझा जीव जो भांड्यात पडला, त्याचा आवाज दाभोळपर्यंत गेला असेल. थुंकी लावायची गरजच उरली नव्हती. नव्या चौकटीत माझ्या नावावर एकही पाप नव्हतं, आणि कोऱ्या कापडावर पहिला डाग पाडायला माझा हात धजेना. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या चौकटीबाहेर एकच निळं वर्तुळ होतं. सरांनी ते बोट लावून तपासलं आणि म्हणाले, "नवव्या क्रमांकाला येशील. शेवटची."

आता व्यक्तिचित्राच्या रीतीप्रमाणे मी सांगायला हवं, की सर पुढे निवृत्त झाले, पुष्कळ वर्षं मांडवीला सकाळ-संध्याकाळ फिरत राहिले, वाकड्या पाट्या सरळ करत राहिले आणि एक दिवस झोपेतच गेले. त्यांच्या दिवसांना मी नि जुबेदा गेलो होतो. भिंतीवरचा त्यांचा फोटो किंचित कलता लागला होता आणि तो आम्ही दोघींनी एकदमच हात घालून सरळ केला. इथे डोळे पुसून थांबायची चांगली सोय आहे. पण तो चेंडू चौकटीबाहेरचा आहे. सोडते, आणि सामन्याकडे वळते.

त्या दिवशी अर्धी रत्नागिरी मैदानावर लोटली होती. खेळ कोणालाच कळत नव्हता. मुली दांडकं घेऊन काहीतरी करणार आहेत, एवढी बातमी पुरेशी होती. अण्णा खुर्चीवर छत्री उघडून बसले होते. काकू पहिल्यांदाच सामना बघायला आल्या होत्या, म्हणे, "माझ्या धोतरांचं काय झालं ते तरी बघते." सर सकाळपासून अस्वस्थ होते, पण सामन्यामुळे नव्हे. प्रेक्षकांच्या बाजूला खेळाच्या सरांनी फक्कीने आखलेली रेघ मधेच वाकडी झाली होती.

चिपळूणकडची फेकणारी मुलगी उंच, वेणी कमरेपर्यंत, हात पाणचक्कीसारखा. पण आमच्या मुली तिचे बाहेरचे चेंडू सोडत राहिल्या. ती फेकून फेकून दमत गेली. त्यांचे सगळे डाव संपले होते, आमचा अखेरचा चालू होता; धावा बरोबरीत होत्या आणि आमच्या दोघी बाद झालेल्या. तिन्ही कोपऱ्यांवर आमच्या मुली उभ्या होत्या आणि घराला सगळ्यांत जवळच्या कोपऱ्यावर जुबेदा. मारायला उरले होते मी. तिसरी बाद झाली की डाव संपतो; मी गेले की जिंकणं गेलं, आणि जिंकल्याशिवाय अण्णा ऐकणारे नव्हते.

दांडकं घेऊन निघाले तेव्हा मी सरांकडे पाहिलं.  "सर, काय करू?"

"तुझा असेल तो मार," ते म्हणाले. आणि मग, मला वाटतं त्यांना पुढचं बघवेना, ते फक्कीची बादली उचलून त्या वाकड्या रेघेकडे चालू लागले.

पहिला चेंडू चौकटीतून गेला. मी घाबरून सोडला. चूक एक. लोक ओरडले. अण्णा खुर्चीवरून उठले, "अगो मार! दांडकं काय दृष्ट काढायला धरलंयस?" पुढचा बाहेरून गेला, सोडला. त्याच्या पुढचा आतला होता, मी फिरवलं, दांडक्याला घासून मागे गेला. चूक दोन. मग दोन बाहेरचे, सोडले दोन्ही. आता माझ्या दोन चुका आणि तिचे तीन बाहेरचे. उरला एकच चेंडू. मारून हुकले तरी बाद, आतला सोडला तरी बाद. पाठ वळवून सर वाकले होते आणि फक्की टाकत होते. मला त्यांच्या कोटाची शिवण दिसत होती.

"मार! मार! मार!" मैदान एका सुरात ओरडत होतं.

तिने हात फिरवला. चेंडू निघाला, आणि अहाहा, काय चेंडू होता तो! सावकाश, गोल, अगदी तोंडासमोर, पिकून देठाला आलेल्या हापूससारखा. माझ्या दोन्ही हातांना सणकून खाज आली. हाणला असता तर समुद्रात गेला असता, किंवा वाऱ्यावर फिरवून मी बाद झाले असते, आणि ती पेटी माळ्यावर. माझ्या मागे त्या दिवशी धोतर नव्हतं. तरी मला ते दिसलं. पांढरं स्वच्छ, आणि निळ्या रेघेच्या चांगलं वर, थप्प.

मी हललेच नाही.

पंचांनी चेंडूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाहेर."

चौथा बाहेरचा. मी दांडकं खाली ठेवलं आणि पहिल्या कोपऱ्याकडे चालू लागले. मी आले म्हणून तिथली पुढे सरकली, तिने पुढचीला सरकवलं आणि जुबेदा, भाजी आणायला निघावं तशी, चालत चालत घरी आली. एक धाव. जिंकलो.

एक टाळी वाजली नाही. कोणी पळालं नव्हतं, चेंडू कुठे उडाला नव्हता, मैदान नुसतं एकमेकांकडे बघत होतं. सर सावकाश उठले, मागे वळले. हात कोपरापर्यंत पांढरे. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"सोडला, सर."

"तुझा होता का?"

"नव्हता."

सरांनी असा श्वास सोडला, की तो त्यांनी परिपत्रक आलं त्या दिवसापासून धरून ठेवला असावा. तिथेच, त्या नव्या सरळ रेघेवर, मटकन बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हात काढले तेव्हा चेहरा पांढराफटक आणि त्यातून डोळे हसत होते. अण्णांना मात्र सगळं कळलं होतं. त्यांनी धोतरं वाचलेली होती. ते छत्री मिटत म्हणाले, "पेटी राहू दे खालीच."

एवढा वेळ काकू दिसेल त्याला "झालं काय, झालं काय" असं विचारत होत्या. शेवटी जुबेदाने त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. काकूंनी ते पूर्ण ऐकून घेतलं, कमरेवर हात ठेवले आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, नुसतं उभंच राहायचं होतं, तर माझ्याकडून एवढी धोतरं कशाला हो धुववलीत!"